भेगेचा पत्ता

दिल्लीत माझ्या परिचयाच्या एक बाई टॅरोचे पत्ते मांडून भविष्य सांगतात. १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संचाचे ते पत्ते. चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. चार रंगांपैकी नाण्यांचा रंग पृथ्वीतत्त्वाचा मानतात. मैत्रिणीच्या सोबतीला गेले असता त्या रंगाची पंजी उघडली. बर्फातून दोन दरिद्री माणसे चालली आहेत, एकाला कुबड्यांचा आधार आहे, वर रंगीत काचांची खिडकी उजळली आहे. आणि दोघांचेही तिकडे लक्ष नाही. बाई अर्थ सांगत होत्या. मला मात्र आत्याचे पत्ते आठवत होते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बुडवून गावे निजली होती. किल्लारीच्या परिसरात धरणी हलली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, त्यांवरची जड माळवदे निजलेल्यांवर कोसळली. हजारो माणसे गेली. आमचे गाव त्याच पट्ट्यातले. निवृत्त शिक्षिका असलेली आत्या वाचली आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागली. अमक्या तिथीला पुन्हा हलणार, अशा वावड्या रोज उठत. मुले तिला विचारीत, "बाई, परत कधी हलंल?" भूकंपाचा दिवस आधी सांगणारे शास्त्र कुणापाशीच नाही, हे तिला ठाऊक होते. खोटा धीर देणे तिला जमणारे नव्हते.

तिने जुन्या लग्नपत्रिका कापून एकवीस पत्ते केले. ढेकूळ, वारूळ, मुरूम, बांध, माळवद, भेग अशी चित्रे काढली आणि प्रत्येकाखाली एकेक प्रश्न लिहिला. माळवदाखाली होते, 'डोक्यावर किती ओझे ठेवले आहेस?' बांधाखाली, 'हा कुणी घातला?' मुले डोळे मिटून पत्ता ओढीत आणि उत्तर त्यांनीच द्यायचे असे. पुढे काय होणार, याविषयी पत्ते अवाक्षर बोलत नसत.

२००३ च्या उन्हाळ्यात मी गावी गेले ती धाकट्या भावाच्या पत्रावरून. वडील आदल्या वर्षी वारले होते. जमिनीवरील हक्कसोडपत्र त्याने लिहून तयार ठेवले होते. "ताई, सही तेवढी कर," एवढेच तो म्हणाला. तीन दिवस आम्ही एका ताटलीतले आंबे खाल्ले आणि एकमेकांकडे पाहिले नाही. मला त्या जमिनीचा लोभ नव्हता. पण गृहीत धरले गेल्याचा सल खोल होता.

चौथ्या दिवशी आत्याने पत्ते पुढे केले. मी हसले, तरी ओढला. भेग निघाली. खाली प्रश्न होता, 'आत काय पडले?'

"हा प्रश्न गं कसला?" मी विचारले.

"रानात जाऊन बघ," ती म्हणाली. "आपली काळी माती उन्हाळ्यात तडकते, भेगेत हात जातो. वरची भुसभुशीत माती, पालापाचोळा त्यात पडतो. पावसात माती फुगली की भेग मिटते आणि खालची माती हळूहळू वर येते. माणूस नांगरतो तो वीतभर. त्याखालचं ती स्वतः नांगरते."

संध्याकाळी मी भावाला घेऊन शेतावर गेले. बांधावर बसून त्याला प्रथमच विचारले, "तुला सही एवढ्या घाईने का हवी आहे?" बराच वेळ तो पायाने ढेकूळ फोडीत राहिला. मग म्हणाला, दोन विंधनविहिरी घेतल्या, दोन्ही कोरड्या गेल्या. सावकार दारात येतो. निम्मे रान विकल्यावाचून सुटका नाही, आणि हे थोरल्या बहिणीला सांगायची लाज वाटली.

मी सही केली नाही. दिल्लीस परतल्यावर भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली आणि सावकाराचे देणे फेडले. आजही सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावे आहेत. मनातली भेग पुरती मिटली, असे मात्र म्हणवत नाही. मी उपकार केले असे त्याला कधी वाटते. त्याने विश्वास ठेवला नाही असे मला वाटते. दर उन्हाळ्यात ती थोडी उघडते.

आत्या गेली. पत्ते माझ्याकडे आले, तेव्हा मोजले तर वीसच होते. भेगेचा नव्हता. भावाला विचारले. त्याने मुकाट्याने पाकीट उघडले आणि आतला घडी पडलेला पत्ता मला दाखवून पुन्हा ठेवून दिला.