टाच

"मिस्त्री, तुमची टाच बघा," हाताखालचा पोरगा म्हणाला आणि माझी छत्तीस वर्षांची मिजास उतरली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी, ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्या गाड्यांना हाताचा दांडा बसवतो. पुढं ढकलला की ब्रेक, ओढला की रेस. ढकलण्यात कधी अडचण नव्हती. ब्रेक लागला की अंगही पुढं जातं, भार दांड्यावरच येतो. भांडण आहे ते ओढण्याशी. गाडीनं उसळी घेतली की अंग मागं जातं, अंगामागं हात, हातामागं दांडा, रेस आणखी वाढते. स्प्रिंग कडक केली तर सातारा येईतो मनगट भरून येतं, मऊ केली तर गाडी उधळते. खाली दाबायची रेसही करून बघितली, तर खड्ड्यात हातच वरखाली उडतो. स्प्रिंगांच्या मापांनी दोन वह्या भरल्यात.

सुरुवातीची माझी गिऱ्हाइकं पोलिओची. पाय गेलेले, पण कंबर शाबूत, खांदे पैलवानाचे. २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याच वर्षी क्लचचं पेडल नसलेली सेलेरिओ आली, क्लचची कटकट मिटत गेली आणि मी स्वतःला फार मोठा समजायला लागलो. आता येतात ती अपघातात मणका मोडलेली पोरंपोरी. मार छातीच्या मणक्याला असेल तर पोट, पाठ अंग तोलून धरत नाहीत. वळणावर ती दांड्यालाच धरून बसतात.

सांगलीच्या एक शिक्षिका म्हणाल्या होत्या, "काका, खड्ड्यातनं निघताना गाडी पळती." मी स्वतः चालवून बघितली. लोण्यासारखी चालली. "सवय होईल, ताई," म्हणालो.

आणि आता हे पोरगं म्हणतं, टाच बघा. गाडी चालवताना बघितली, तर मॅटमध्ये रुतलेली. बाकीचं अंग तीच धरत होती. रविवारी मोकळ्या आवारात सीटवर चक्क मांडी घालून बसलो, पोराचा हात हँडब्रेकवर. पहिल्याच खड्ड्याला गाडीनं झेप घेतली.

तयार किट दोन तासांत कसून पैसे मोजणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. गिऱ्हाइकाला सीटवर बसवूनसुद्धा बघत नाहीत, म्हणायचो. मी बसवायचो, हाताची लांबी मोजायचो, मुठीला आरशासारखं पॉलिश मारायचो. पॉलिशचा तर मला नादच. पण पोटात जोर आहे का, हे एकालाही विचारलं नाही.

आता कोपराला टेकू देतोय, छातीला रुंद पट्टा. तरी ओढण्याचं भांडण पुरतं मिटलेलं नाही. तिसरी वही काढलीय.

ताईंना फोन केला. त्या हसल्या. "चार वर्षं ओढणीनं स्वतःला सीटला बांधून घेते, काका. झाली सवय."

गाडी सोमवारी येतेय. मजुरी घेणार नाही.