मान वर, चेंडू पायाशी

नागपूरच्या आमच्या वस्तीत रोज संध्याकाळी मी मुलांना फुटबॉल शिकवतो. दोन-दोन पावलांवर आठ विटा मांडतो आणि त्यांच्यामधून चेंडू न्यायला सांगतो. आधी चालत, मग धावत. पायाच्या आतल्या-बाहेरच्या कडेने हळूच ढकलायचा, दोन्ही पायांनी.

सगळ्यांची चूक एकच. नजर चेंडूवर खिळते आणि समोरचा गडी दिसत नाही. म्हणून मी पुढे उभा राहून बोटे दाखवतो. "किती?" चेंडू न सोडता उत्तर द्यायचे.

गेल्या महिन्यात एक मुलगी येईनाशी झाली. मी घरी गेलो. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीले कायले पाहिजे फुटबॉल?"

मी म्हणालो, "आजी, १९४२ साली याच नागपुरात महिला परिषद भरली होती. स्त्रिया किती पुढे गेल्या, त्यावरून मी समाजाची प्रगती मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले."

आजी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "माही माय गेली होती तिथं."

दुसऱ्या दिवशी नात आली. मागोमाग आजीही. पोरगी विटांमधून निघाली आणि मान वर करून ओरडली, "तीन!"

बंधुभगिनींनो, मुलींनाही मैदानावर पाठवा. जयभीम!