मागच्या शिमग्यात कसा होता?

ओपीडीत समोर बसलेला माणूस आज कसा आहे यापेक्षा तो मागच्या शिमग्यात कसा होता, हे मला आधी हवं असतं. साखर मोजावी तसं नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया रक्तात मोजता येत नाही. तपासण्या लागतात त्या शरीरातला बिघाड बाजूला काढायला. म्हातारा माणूस अचानक बरळू लागला तर सोडियम उतरलेलं असू शकतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत त्याला भिंतीवर किडे दिसू लागतात. घरच्यांना ते 'बाहेरचं' वाटतं, प्रत्यक्षात त्याला त्याच रात्री इस्पितळात हलवायला हवं असतं. हे सगळं वगळलं की पुढचं निदान मुख्यतः काळावर ठरतं.

पूर्णगडच्या एका खलाशाचं सांगतो. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. जून-जुलैची मासेमारी बंदी चालू होती. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, अन्नावर वासना नाही, 'जगून काय करू' एवढंच बोलणं. तीन आठवडे हेच. नैराश्याला दोन आठवडे पुरतात, म्हणजे निकष पुरे झाले होते. पण आई म्हणाली, "आधी असा नव्हता हो डॉक्टर. शिमग्यात तर नुसता नाचत होता."

शिमग्यात सगळंच गाव पालखी नाचवतं. मी विचारलं, "आणि पालखी देवळात गेल्यावर?" तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. बाकीचे दमून झोपले, हा मात्र दोन तासांच्या झोपेवर ताजातवाना. व्याजाने पैसे काढून नवी जाळी घेतली, परवडणार नाही अशा होडीला इसार दिला, मधे कोणी बोललं की अंगावर धावून जायचा. "किती दिवस?" "चांगले पंधरा दिवस." सणाच्या गर्दीत उन्माद कोणाच्या नजरेत आला नव्हता, इतकंच. हा बायपोलर आजार होता. अशा माणसाला नुसत्या नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर तो पुन्हा उन्मादात जाऊ शकतो. त्याला लिथियमसारखं मनाची पातळी सांभाळणारं औषध लागतं.

क्षणाचं चित्र सोडून आजाराचा प्रवास पाहायला शिकवलं जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी. त्यांनी रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९९ च्या आवृत्तीत त्यांनी दोन वाटा वेगळ्या केल्या: झटके येऊन जाणारा आणि मधल्या काळात माणूस पुष्कळसा पूर्ववत होणारा आजार एक, हळूहळू माणूस खचवत नेणारा दुसरा. ही रेघ पुढे बरीच पुसट झाली आहे, तरी मी अजून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आमच्या रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं. त्या काळी देशभरातल्या अशा इस्पितळांत बरेच रुग्ण पोलिसांमार्फत येत. कागदावर वेडाचं कारण 'गांजा' लिहिलेलं असलं की तेच दप्तरी उतरे. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने १८९२ मधल्या अशा रुग्णांची फेरचौकशी करवली, तेव्हा यातल्या बऱ्याच नोंदींना आधार नसल्याचं निघालं. हे वाचून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं, कारण पहिल्या कागदावरचं निदान पुढच्या प्रत्येक कागदावर उतरवण्याची सवय सुटलेली नाही.

अंगात येण्याबद्दल कोकणात मला हमखास विचारतात. ठरल्या जागी, ठरल्या वेळी, गावाच्या रीतीत येणारा आणि ज्याला येतो त्याला न छळणारा संचार हा आजार नव्हे. २०२२ पासून लागू झालेलं जागतिक आरोग्य संघटनेचं अकरावं वर्गीकरणही हेच मानतं. नको असताना, कुठेही, पुन्हा पुन्हा येऊ लागलं, घरकाम आणि झोप बिघडली, की मात्र ती व्यक्ती माझी रुग्ण.

पावस, गावखडी, पूर्णगडकडून माणूस घेऊन येणाऱ्यांनी एवढं करावं: जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंही आणावीत. झोप कधी उडाली, पैसे कधी उधळले, कामावर जाणं कधी थांबलं, हे सणांच्या हिशेबाने आठवलं तरी चालेल. देवऋष्याकडे गेला असाल तर तेही सांगा, मी रागावणार नाही. तुम्ही त्याच्याकडे पहिल्यांदा कधी गेलात, यावरून आजार साधारण कधी सुरू झाला ते मला कळतं.