टोकियोत फक्त चार तास!

मुलांनो, सुट्टीत परदेशी निघालेल्या प्रवाशांना पुष्कळदा वाटेत विमान बदलावं लागतं. एक विमान सकाळी उतरतं, दुसरं संध्याकाळी सुटतं. मधला वेळ खुर्चीत पेंगत काढायचा की शहरात एक फेरी मारून यायची? फेरी मारायची असेल, तर आधी थोडं गणित करायला हवं. घ्या पाहू कागद-पेन्सिल!

समजा, तुम्ही जुलै महिन्यात आई-बाबांबरोबर अमेरिकेतल्या मावशीकडे निघाला आहात. विमान जपानमध्ये टोकियोला सकाळी ८ वाजता उतरणार. पुढचं विमान संध्याकाळी ६ ला. म्हणजे चांगले १० तास! झालं, घरात यादी सुरू. दादाला ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा बघायचाय, ताईला डिस्नेलँड, बाबांना फुजी पर्वत आणि आईला बाजार. आजी म्हणते, "अरे, एखादं देऊळ तरी बघा!"

आता ही वजाबाकी करा. विमानातून उतरून पासपोर्ट तपासून बाहेर पडायला दीड तास धरा. गाडी पकडून शहरात पोचायला एक तास. परत यायला आणखी एक तास. पुढच्या विमानासाठी निदान अडीच तास आधी विमानतळावर हजर राहायला हवं. झाले किती? सहा तास. दहातून सहा गेले, उरले चार!

चार तासांत फुजी होत नाही, डिस्नेलँडही होत नाही. सगळंच बघायला धावलात, तर फक्त स्टेशनं बघून परत याल. म्हणून एकच ठिकाण निवडायचं आणि ते नीट बघायचं. आपण निवडू या उएनो.

उएनोच का? एक कारण सोयीचं. टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत. हानेदा शहराच्या अगदी जवळ आहे, तर नारिता सुमारे ६० किलोमीटर दूर. तुमचं विमान कुठे उतरतं आणि पुढचं कुठून सुटतं, हे तिकिटावर आधी बघून घ्या बरं का! नारिताहून 'स्कायलायनर' नावाची वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत-बाहेर थेट उएनोला पोचवते. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच उएनोची मोठी बाग.

दुसरं कारण मात्र सोयीचं नाही, मायेचं आहे. त्यासाठी एक खरी गोष्ट ऐकावी लागेल.

उएनोच्या बागेत जपानमधलं सर्वांत जुनं प्राणिसंग्रहालय आहे. ते १८८२ साली सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे जॉन, टोंकी आणि वानरी नावाचे तीन हत्ती होते. १९४३ साली सरकारी हुकूम आला. शहरावर बॉम्ब पडले आणि पिंजरे फुटले तर मोठे प्राणी रस्त्यावर येतील, म्हणून त्यांना आधीच मारून टाका! वाघ-सिंह मारले गेले. हत्तींचं खाणंपिणं बंद करण्यात आलं. काही आठवड्यांतच तिन्ही हत्ती उपासमारीने गेले. त्यांचा काहीच गुन्हा नव्हता. युद्ध त्यांनी सुरू केलं नव्हतं.

युद्ध संपलं. बाग पुन्हा भरू लागली, पण हत्तीची जागा रिकामीच होती. टोकियोच्या कितीतरी लहान मुलांनी हत्ती फक्त चित्रात पाहिला होता. मग या मुलांनी काय केलं असेल? त्यांनी थेट भारताच्या पंतप्रधानांना, पंडित नेहरूंना पत्रं लिहिली. एक-दोन नाही, शेकडो! "आम्हाला हत्ती पाठवा."

आणि १९४९ च्या सप्टेंबरमध्ये खरंच हत्तीण आली! म्हैसूरकडची ही हत्तीण जहाजाने समुद्र ओलांडून जपानला पोचली. बंदरापासून उएनोपर्यंत ती रात्री टोकियोच्या रस्त्यांवरून चालत गेली. नेहरूंनी तिला आपल्या लेकीचं नाव दिलं होतं, इंदिरा. त्याच महिन्यात थायलंडहूनही एक लहान हत्तीण तिथे आली होती. पुढच्याच वर्षी इंदिराला जपानमधल्या गावोगावी फिरवण्यात आलं, म्हणजे दूरच्या मुलांनाही हत्ती बघता यावा. १९५७ साली नेहरू जपानला गेले, तेव्हा लेकीला घेऊन तिला भेटून आले. इंदिरा १९८३ साली गेली. जवळजवळ ३४ वर्षं ती उएनोत राहिली.

म्हणजे बघा, आपल्या देशातून तिथे सर्वांत मोठी भेट गेली, ती मुलांनी मागितली म्हणून. मग तुम्ही टोकियोला गेलात आणि उएनोला गेला नाहीत, तर कसं चालेल?

प्राणिसंग्रहालयाच्या आवारात तिथे मरण पावलेल्या प्राण्यांचं स्मारक आहे. तिथे दोन मिनिटं शांत उभं राहा. २०२० साली इथे हत्तीचं पिल्लू जन्मलं. या प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासात जन्मलेलं ते पहिलंच. त्याचं नाव ठेवलं अरुण. थाई भाषेतही अरुण म्हणजे पहाटच!

आता आजीच्या देवळाचं बघू. बागेतच शिनोबाझु नावाचं तळं आहे आणि त्याच्या मधोमध बेंतेन देवीचं देऊळ. ही बेंतेन म्हणजे कोण, ओळखा पाहू! ती आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे जपानला पोचली. वीणेऐवजी तिच्या हाती बिवा नावाचं तंतुवाद्य आलं, एवढाच फरक. दसऱ्याला आपण पाटीवर जिचं चित्र काढतो, तिचं देऊळ टोकियोच्या भर वस्तीत! शिवाय जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत तळं कमळांनी भरून जातं. कमळं सकाळी उमलतात आणि दुपारी मिटू लागतात, म्हणून पहिलं काम देऊळ.

तर आपलं वेळापत्रक असं झालं. साडेदहाला तळं आणि देऊळ. साडेअकराला प्राणिसंग्रहालय. दीड वाजता जेवण. अडीचला परतीची गाडी.

फक्त वार बघून घ्या. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतं. सोमवारी सुट्टी असली, तर मंगळवारी बंद. अशा वेळी उएनोहून भुयारी रेल्वेने असाकुसाला जा. हा टप्पा १९२७ साली सुरू झाला आणि आशियातली पहिली भुयारी रेल्वे इथेच धावली. पाचेक मिनिटांचा प्रवास. असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरातली कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला कमळ धरलेला पद्मपाणी आठवतोय ना? तोच!

आता थोडी तयारी. विमानतळाबाहेर पडायचं तर आपल्याला जपानचा व्हिसा लागतो. तो निघण्यापूर्वीच काढावा लागतो. मोठं सामान परस्पर पुढच्या विमानात जाणार का, हे निघतानाच खिडकीवर विचारून घ्या. हातातली पिशवी स्टेशनातल्या कुलुपाच्या कप्प्यात ठेवता येते.

टोकियोचा उन्हाळा साधा समजू नका. जूनमध्ये तिथे आपल्यासारखाच पाऊस लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांवर जातो आणि हवा मुंबईसारखी दमट, चिकचिकीत. त्यातून टोकियोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे सकाळचे आठ, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार! झोप डोळ्यांवर असणारच. टोपी, रुमाल आणि पाण्याची बाटली हवीच. नळाचं पाणी पिता येतं. जागोजागी पेयांची यंत्रं असतात. त्यांतला भाजलेल्या सातूचा गार चहा, 'मुगिचा', जरूर पिऊन बघा.

शाकाहारी मंडळींनी दशम्या आणि लाडू बरोबर ठेवावेत, कारण साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाचा अर्क असू शकतो. पण मावशीसाठी घेतलेले हापूस? ते घरीच ठेवा! तपासणीच्या दाखल्याशिवाय ताजी फळं जपानमध्ये नेता येत नाहीत. आणि हो, रस्त्यावर कचरापेट्या फार कमी असतात. लोक आपला कचरा पिशवीत घालून घरी नेतात. आपणही तेच करायचं. गाडीतही हळू आवाजात बोलायचं.

आई-बाबांनाही एक विनंती. सहलीचं गणित मुलांनाच मांडू द्या. कुठे चुकलं तर सांगा, पण पेन्सिल त्यांच्याच हातात राहू द्या.

ज्यांना कुठेच जायचं नाही, त्यांनी हिरमुसू नका. वाटेत चार तास मिळणार असतील, तर ते टोकियोत काय आणि मिरज स्टेशनावर काय, रीत एकच. आधी वजाबाकी करा, एक ठिकाण निवडा आणि त्याची गोष्ट वाचून मगच निघा. गोष्ट माहीत असली, की चार तासही पुरतात. आणि हत्ती हवा असेल, तर पत्र लिहायला लाजू नका!