वस्ती कुठे संपते?

ठरले होते फजरनंतर लगेच निघायचे. पण चार मित्र, एक गाडी आणि चार घरांतून आलेले डबे म्हटल्यावर उशीर व्हायचाच. आकुर्डीतून गाडी हलली तेव्हा साडेअकरा वाजले होते. मे महिन्याची सुट्टी, म्हणजे शिक्षकाला वर्षातून एकदा मिळणारी चैन. जायचे होते श्रीनगरपर्यंत, नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली करीत. आणि राहणे, रांधणे, झोपणे सगळे गाडीतच. त्या सगळ्या सफरीबद्दल पुन्हा कधीतरी, इन्शाअल्लाह. आज सांगतो ती पहिल्या दिवसाची गोष्ट. त्या दिवशी आम्ही जेमतेम चाळीस किलोमीटर गेलो.

गाडी आमच्याच गावची, टेम्पो ट्रॅव्हलर. १९५८ साली बजाज टेम्पो या नावाने सुरू झालेली ती कंपनी आज फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते, आणि तिचा कारखाना आकुर्डीत आहे. आपण मराठीत कुठल्याही छोट्या मालगाडीला ‘टेम्पो’ म्हणतो ना, तो शब्द त्याच घराण्याचा. आमच्यातल्या एकाने त्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षे काढली. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गाड्या जोडल्या, आता निवृत्तीच्या पैशातून एक जुनी गाडी घेतली आणि आतल्या सीटा काढून चार बाकडी, शेगडी, पाण्याची टाकी, पंखा असा संसार मांडला. लाकूड, नळ, पत्रा हे सगळे आमच्या दुसऱ्या मित्राकडचे. त्याचे कुदळवाडीत भंगाराचे शेड होते. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथली शेड आणि गोदामे पाडली गेली, त्यात त्याचेही गेले. जे उरले त्यातले काही या गाडीत लागले. तिसरे हाफिजजी, मदरशात शिकवतात. चौथा मी.

स्पाइन रोडने मोशीकडे जाताना कुदळवाडी डाव्या हाताला आली. भंगारवाला मित्र त्या वेळी मोबाइलमध्ये बघत बसला. आम्हीही काही बोललो नाही.

वाद निघाला तो मोशीत. मीच विचारले, “हाफिजजी, आज जोहरची कसर करायची ना?” मुलांसाठी सांगतो: साधारण सत्त्याहत्तर किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या सफरीला निघालेला माणूस मुसाफिर ठरतो आणि त्याच्या चार रकात फर्जच्या दोन होतात. मात्र ही सवलत घरातून पाऊल बाहेर टाकताच लागू होत नाही. आपल्या गावाची वस्ती मागे पडावी लागते.

हाफिजजी म्हणाले, “वस्ती मागे पडू द्या, मग बघू.”

आता ही वस्ती कुठे मागे पडते, ते आमच्या पट्ट्यात राहणाऱ्याला विचारा! आमच्या अब्बांच्या आठवणीत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही निरनिराळी गावे होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आले, मग एकामागून एक कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि मधली शेते दिसेनाशी झाली. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला की महापालिकेची हद्द संपते. ड्रायव्हर मित्राने पुलावरच जाहीर केले, “संपली वस्ती!” हाफिजजींनी खिडकीबाहेर बोट दाखवले. पलीकडे चिंबळी फाटा, कुरुळी, वर्कशॉप, वजनकाटे, हॉटेले, भाड्याच्या खोल्या. मध्येच एखादे शेत दिसे, आणि त्याच्या बांधावर प्लॉटिंगचा फलक.

“माझी तर फेब्रुवारीतच संपली,” भंगारवाला मित्र हसत म्हणाला. हसू कुणालाच आले नाही.

चाकणला अडकलो. तळेगाव चौकाच्या अलीकडे गाड्यांची रांग जी थांबली ती थांबलीच. चाकणचा कांद्याचा बाजार जुना आणि मोठा. पण गेल्या वीसेक वर्षांत महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज असे कारखाने आले आणि नाशिक रस्ता तोच राहिला. एरवी मी वैतागलो असतो. पण घर सोबत असले की कोंडी एवढी वाईट वाटत नाही. गाडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि चहा ठेवला.

शेजारी नव्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर उभा होता. केबिनमधून एक दाढीवाला गृहस्थ आमची शेगडी कौतुकाने न्याहाळत होता. सलाम झाला, खिडकीतून ग्लास दिला. तो मेवातचा, नूंहकडला. चार दिवस चाकणात माल भरण्याची वाट बघत होता. त्याच्या केबिनमध्येही सीटच्या मागे बिछाना, कोपऱ्यात छोटा स्टोव्ह, पिठाचा डबा, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल आणि मुलीने चिकटवलेले एक स्टिकर. आम्ही तीन महिने खपून जे केले ते त्याच्याकडे सतरा वर्षांपासून होते. रमजान ईदनंतर तो घरी गेला नव्हता. बकरी ईदला पोहोचायचे होते, परतीच्या वाटेवर दिल्लीकडचे भाडे मिळाले तर.

हाफिजजींनी त्यालाच विचारले, “भाईसाहब, आप यहाँ पूरी पढ़ते हैं या कसर?”

“कसर,” तो म्हणाला. “पंद्रह दिन तो कहीं ठहरता नहीं. बारह महीने दो ही रकात चलती है. पूरी चार तो घर जाके.” मग जरा थांबून म्हणाला, “घर पे भी कभी-कभी दो पे सलाम फेर देता हूँ, भूल से. बीवी हँसती है.”

ग्लास परत देताना त्याने आत मूठभर भाजलेले चणे घातले होते. मी नको म्हणू शकलो नाही.

दीड वाजायला आला. रांग जरा सरकली तशी आम्ही गाडी गल्लीत घेतली आणि चौकाजवळच्या मशिदीत शिरलो. आत हाफिजजी माझ्या कानात म्हणाले, “चला, वाद मिटला. इमाम मुकीम आहे. त्याच्या मागे मुसाफिरलाही पूर्ण चारच पढाव्या लागतात.” इतका वेळ हे मनात ठेवून आम्हाला भांडू दिले, याबद्दल मी अजून त्यांना माफ केलेले नाही. बाहेर आलो तर ट्रेलर चौकापर्यंत जेमतेम पोहोचला होता. ड्रायव्हरने हात केला.

पुढे भुईकोट किल्ल्याला थांबलो. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी तो शाइस्ताखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला होता. आज खंदकाच्या खुणा आणि थोडी तटबंदी उरली आहे, आणि घरे तिथवर येऊन भिडली आहेत. मी मुलांना दाखवायला फोटो घेतले. ड्रायव्हर मित्राला मात्र गाडीच्या पाट्यांचा आवाज खटकत होता. तो शेवटी एका गॅरेजपाशी तासभर गाडीखाली आडवा झाला.

राजगुरूनगरला भीमेच्या काठी पोहोचेस्तोवर अस्रची वेळ झाली. इथे मात्र समोर खरोखर नांगरलेले रान होते. हाफिजजी पुढे उभे राहिले, चटईवर आम्ही तिघे मागे. दोन रकातीनंतर त्यांनी सलाम फेरला आणि भंगारवाला मित्र सवयीने तिसरीसाठी उठून उभा राहिला.

मी त्याची पँट ओढून त्याला खाली बसवले.