नजरेपुढची जागा

माझी सात वर्षांची भाची सुटींत हिंगोलीस आली, त्या पहिल्याच संध्याकाळीं मीं तिला माझीं पक्ष्यांचीं छायाचित्रें दाखवावयास घेतलीं. औंढा नागनाथ तालुक्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचें धरण आहे. तेथील जलाशयाच्या कांठीं पहाटेपासून ताटकळून मिळविलेलीं तीं चित्रें. त्यांच्याविषयीं माझ्या मनांत थोडासा गर्व होता, हें कबूल केलेलें बरें. चारपांच चित्रें तिनें मोठ्या शहाणपणानें पाहिलीं आणि मग विचारलें, "मामा, यांत पक्षी कुठं आहे?"

पक्षी होता, अगदीं मधोमध होता. परंतु त्याच्याभोंवतीं पाण्याचा, आकाशाचा आणि खडकाळ किनाऱ्याचा एवढा पसारा होता कीं, वऱ्हाडाच्या गर्दींत नवरा मुलगा शोधावा तसा त्याला शोधावें लागे. माझा गर्व त्या प्रश्नानें उतरला. पण माझें शिक्षणहि तेथूनच सुरू झालें.

पहिला धडा गुडघ्यांनीं दिला. मी तोंवर उभ्यानेंच चित्रें घेत असें. उभ्या माणसाला पाणकांठचा पक्षी वरून दिसतो, आणि चित्रांत तो मागच्या चिखलाला चिकटून बसतो. गुडघे टेकले, आणि पुढें संकोच सोडून पोटावर पडलों, तेव्हां कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आला. मग त्याच्यामागें जवळचा चिखल न येतां दूरचा किनारा येऊं लागला. तो धूसर झाला आणि पक्षी त्यावर स्वच्छ उठून दिसूं लागला. या शोधाचा खर्च कपड्यांना सोसावा लागला. त्याविषयीं घरांतून जें ऐकावें लागलें, तें येथें लिहीत नाहीं.

दुसरा धडा चौकटीचा. पक्षी ज्या दिशेला पाहत असेल, त्या दिशेला त्याच्यापुढें जागा मोकळी सोडावी. चोंच चौकटीला टेकलेला पक्षी भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या विद्यार्थ्यासारखा केविलवाणा दिसतो. त्याच्यापुढें थोडें पाणी राहूं दिलें कीं तो चालूं लागेल, उडेल, कांहीं टिपील असें वाटतें. शेकाट्यासारख्या पक्ष्याची तर सारी शोभा त्याच्या लांब तांबड्या पायांत; ते कापले तर उरलें काय? पाणी निवांत असेल तर त्याचें प्रतिबिंबहि पुरतें घ्यावें. निरुपयोगी पसारा मागाहून छाटतां येतो, परंतु चित्र घेतेवेळीं जें बाहेर राहिलें तें कोणत्याहि कात्रीनें परत आणतां येत नाहीं.

तिसरा धडा उजेडाचा, आणि त्याचे माझे गुरु दोन : बगळा आणि कोतवाल. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक बिचारा सगळें जग मध्यम करड्या रंगाचें आहे असें धरून चालतो. काळ्याशार पाण्यावर पांढरा बगळा उभा असला कीं तो पाण्याच्या अंधाराला भुलून उजेड वाढवितो, आणि बगळ्याच्या पिसांच्या जागीं नुसता चुन्याचा फराटा उरतो. उजळ आकाशापुढें तारेवर बसलेल्या कोतवालाचें याच्या उलट. त्याचा कोळसा होतो. म्हणून बगळ्यासाठीं उजेड एकदोन पायऱ्या उतरवावा आणि कोतवालासाठीं चढवावा. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत जळालेल्या पांढऱ्यांतून कांहीं परत मिळत नाहीं; अंधारांतून मात्र पुष्कळ मिळतें. फिल्मच्या निगेटिव्हवर काम करणाऱ्यांची काळजी नेमकी उलटी होती. त्यांना सावल्या जपाव्या लागत.

घरीं आल्यावर संगणकाच्या पडद्यावर मी तीनच गोष्टी करतों. चौकट नीट छाटतों, भडक भाग किंचित् उतरवितों आणि सावल्या किंचित् उघडतों. ही लबाडी नव्हे काय, असें मला एका स्नेह्यानें विचारलें. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानें १९४१ सालीं न्यू मेक्सिकोंतील हर्नांडेझ गांवावर उगवलेल्या चंद्राचें चित्र घेतलें. त्या एकाच निगेटिव्हवरून त्यानें पुढें अनेक वर्षें प्रती काढल्या, आणि त्यांतील आकाश उत्तरोत्तर काळें होत गेलें. तें खरें कीं खोटें, याचा निवाडा थोरांनीं करावा. मीं आपल्यापुरती मर्यादा घातली आहे. जें तेथें होतें तें दिसतें करावें. जें नव्हतें तें घालूं नये. ही मर्यादा मला फार सुखाची वाटत असे. जें तेथें होतें तें दिसल्यावर आपली काय अवस्था होईल, हा विचार मात्र तोंवर मनाला शिवला नव्हता.

गेल्या चैत्रांत जलाशयाचें पाणी मागें हटलें होतें आणि कांठाची खडी उघडी पडली होती. तेथें एक टिटवी माझ्याभोंवतीं घिरट्या घालून ओरडूं लागली. एरवीं दूर पळणारी ही पाखरें. ही मात्र जवळ येई, चार पावलें धांवे, थांबे, पुन्हां ओरडे. माझ्या भाग्याला सीमा राहिली नाहीं. उन्हें चढलीं तरी मी तासभर तेथेंच पडून राहिलों.

संध्याकाळीं त्यांतील उत्तम चित्र पडद्यावर घेतलें. टिटवी डावीकडे पाहत होती आणि माध्यान्हीच्या उन्हामुळें तिचें पोट काळोखांत गेलें होतें. मीं चौकट आवळीत आणली, पण दुसरा धडा आठवून डावी कड पुन्हां मागें सारली. त्या सोडलेल्या जागेंत, तिच्यापासून दोन हातांवर, चार खडे निमुळतीं टोंकें आंत करून मांडल्यासारखे दिसले. ते खडे नव्हते. तीं अंडीं होतीं. मग मीं सावली उघडली. पोटाचीं पांढरीं पिसें भिजून एकमेकांना चिकटलीं होतीं.

टिटवी उघड्या जमिनीवर अंडीं घालते. कडक उन्हांत ती पाण्यावर जाऊन पोट भिजविते आणि तो ओलावा आणून अंडीं निववते. टिटवीदेखील समुद्र आटविते, अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. ही टिटवी तसला कांहीं पराक्रम करीत नव्हती. पोटाच्या पिसांत मावेल तेवढेंच पाणी घेऊन ती आली होती, आणि वाटेंत मी पडलों होतों. माझ्या भाग्याचा तो तास तिच्या अंड्यांनीं उन्हांत काढला. पक्ष्यांच्या घरट्यांना वा अंड्यांना त्रास देणें यालाहि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारच म्हटलें आहे. पूर्वीं तें वाचतांना मला नेहमीं दुसरीं माणसें डोळ्यांपुढें येत.

त्या अंड्यांचें पुढें काय झालें तें मला ठाऊक नाहीं. पाहावयास जाणें म्हणजे पुन्हां तोच अपराध करणें होतें. तें चित्र मीं कोणास दाखविलें नाहीं. यंदा भाचीनें मात्र तें हुडकून काढलें.

"मामा, ही कुणाकडे बघतेय?"

"तिच्या अंड्यांकडे."

"मग ती तिथं जात का नाही?"

मीं तिला खरें तें सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

आतां मी पुष्कळ लांब बसतों. एखादा पक्षी अस्वस्थ होऊन ओरडूं लागला कीं कॅमेरा उचलून आल्या वाटेनें परततों. त्यामुळें माझ्या चित्रांतले पक्षी पुन्हां लहान झाले आहेत, आणि छाटून छाटून तरी किती मोठे करणार? भाची पुढच्या सुटींत येईल तेव्हां बहुधा तोच जुना प्रश्न विचारील. मी बोटानें दाखवीन.