सुकडीची वाटी

१९७२च्या दुष्काळात आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. दुपारी तिथं आम्हा पोरांना सुकडी मिळे. गुळाची ती भुरभुरीत सुकडी मी वाटी चाटूनपुसून खायची. ती कोण देतं, हे आमच्यात कुणी विचारत नसे. भूक मोठी होती.

पुढं अंगणवाडीची पर्यवेक्षिका होऊन मी एटापल्ली तालुक्यात आले. सूरजागडच्या डोंगराखालच्या माडिया गावांतही पोरांच्या हातात वाटी होतीच. आधी नुसती खिचडी. पुढं अमृत आहार योजनेतून सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी आली. तरी पावसाळ्यात वजनं घसरायचीच. रोवणीला आई बांधीत, तान्हं बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्यात हगवण, हिवताप आणि चढलेले नाले. दंडाची पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल भागात गेली, की सेविकाताई माझ्याकडे बघायची आणि आम्ही दवाखान्याची वाट धरायचो.

अशाच एका गावात एका पोरीनं अर्धं अंडं खाल्लं आणि उरलेलं ओच्यात बांधलं. भाऊ तापानं घरी पडला होता. मुलं मुलांना जगवतात, ते मी तिथं पाहिलं. पण ती स्वतःही अशक्त होती. तिचा घास तिच्याच पोटात जायला हवा होता.

आता नातू अमेरिकेत असतो. मध्यंतरी फोनवर त्यानं युनिसेफचा नारिंगी डबा दाखवला. हॅलोवीनला दारोदार फिरून तिकडची मुलं परदेशातल्या मुलांसाठी नाणी गोळा करतात. १९५०मध्ये फिलाडेल्फियाजवळ काही मुलांनी दुधाचे रिकामे डबे घेऊन ही सुरुवात केली. पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले. ‘आजी, तुमच्याकडे पोचतात का हे पैसे?’ त्यानं विचारलं. मला फार बरं वाटलं. भुकेल्या मुलाची आठवण खेळाच्या दिवशीही ठेवायची, हे त्याला सातव्या वर्षी कळलं.

पण सूरजागडच्या पोरांनी त्या नाण्यांची वाट का पाहावी? त्यांच्याच डोंगरातून रोज ट्रक भरून लोहखनिज जातं. त्यावरच्या स्वामित्वधनाबरोबर जिल्हा खनिज प्रतिष्ठानात पैसा जमा होतो, आणि महिला-बालकल्याण हा त्याच्या खर्चातला अग्रक्रमाचा विषय आहे. तुमच्या मुलाला डबा घेऊन फिरू द्या, कौतुक करा. मात्र डोंगराखालच्या प्रत्येक अंगणवाडीत त्या पैशातून बारा महिने, रोज अंडं मिळालं पाहिजे, ही मागणी आपण मोठ्यांनीच लावून धरायची आहे.